आधी किल्ली बंद, मग पाय खाली

दारव्ह्यातल्या साठीच्या पुढच्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. पुण्याहून मुलाचा फोन येतो, "बाबा, पेट्रोलची गाडी आता सोडा, चांगली इलेक्ट्रिक घेऊन देतो," आणि दिवाळीच्या आत सव्वा-दीड लाखाची गाडी दारात उभी राहते. माझ्या दारात तशीच आली. दोन वर्षं होत आली. गाडी चांगली आहे, पेट्रोल पंपाचा रस्ता मी विसरलो आहे. तरी घ्यायच्या आधी माझं थोडं ऐका.

सुरुवात माझ्याच फजितीनं करतो. आमच्या फाटकापुढे नालीवर फरशी आहे, तिला थोडा चढ आहे. बाजारातून आलो, फाटकाशी उतरलो आणि गाडी हातानं वर ढकलायला लागलो. किल्ली चालूच होती. पण इंजिनाची फटफट ऐकू येत नाही म्हणजे गाडी बंद, हे चाळीस वर्षांत डोक्यात पक्कं बसलेलं. ढकलता ढकलता उजवी मूठ पिळली गेली आणि गाडी उडी मारून थेट तुळशी वृंदावनावर. गुडघा सोलला, वृंदावनाचा कोपरा उडाला. शेजारचा पोरगा धावत आला, "काकाजी, गाडी चालू हाय ना! मूठ कायले पिळता?"

दोष गाडीचा नव्हता. पेट्रोलचं इंजिन आधी गुरगुरतं, मग ओढतं. तेवढ्यात माणूस सावध होतो. इलेक्ट्रिक मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावते, तेही न बोलता. म्हणून एक सवय लावून घ्या. गाडी थांबली की आधी किल्ली बंद, मग पाय खाली, मग स्टँड. फाटक उघडायला उतरायचं असलं तरी, दुकानदाराशी दोन शब्द बोलायचे असले तरी. नातवाला पुढे उभं करून गप्पा मारत असाल तर नक्कीच. लहान पोराचा हात पहिला मुठीवरच जातो.

आता अंगाच्या मापाचं. आपल्या पिढीची स्कूटर म्हणजे चेतक. 1972 साली आलेली, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायला लावणारी, डाव्या मनगटानं गिअर टाकायची आणि सुरू झाली नाही तर एका बाजूला आडवी करायची. त्या आडवं करण्याची ताकद आता आपल्या कमरेत नाही, हे आधी कबूल करू. तीच चेतक जानेवारी 2020 मध्ये बॅटरीवर परत आली, तेव्हा एक लाखाची एक आणि 1 लाख 15 हजारांची एक, आणि त्या महागडीचं नावच होतं प्रीमियम. असल्या नावाला भुलू नका. या वर्गातल्या गाड्यांचं वजन साधारण 110 ते 135 किलो भरतं. चालताना ते जाणवत नाही. उभी करताना, वळवताना आणि पडलेली उचलताना जाणवतं.

दुकानात जाताना रोजची चप्पल घालून जा. सीटवर बसा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का पाहा. नुसते चवडे टेकत असतील तर ती गाडी तुमची नाही, मग तिचा पडदा कितीही मोठा असो. मधल्या स्टँडवर स्वतः चढवून पाहा, विक्रेत्याला चढवू देऊ नका. मागे जायची सोय आहे का विचारा. तरुणांना ती गंमत वाटते, पण उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे काढताना आपल्या गुडघ्यांना तिची किंमत कळते. आणि ताशी 80 चा मोड दाखवू लागला तर म्हणा, "भाऊ, मले ब्रेक दाखव."

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र हा: गाडी दारव्ह्यात बंद पडली तर न्यायला कोण येणार आणि किती दिवसांनी आणून देणार? कॉम्प्युटर लावल्याशिवाय उघडत नाही अशा गाडीचं चौकातला मिस्त्री काय करणार? माझी गाडी एकदा सतरा दिवस बाहेरगावी पडून होती आणि न्यायला छोटा हत्ती टेम्पो मीच केला. उत्तर गुळमुळीत आलं तर बयाणा देऊ नका. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, ते कागदावर घ्या. गाडीच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरीचाच असतो.

यवतमाळ आपल्याहून चाळीसेक किलोमीटर. 2020 च्या त्या चेतकला कंपनीनं एका चार्जमध्ये इको मोडवर 95 किलोमीटर सांगितले होते. कागदावर जाणं-येणं बसतं. पण मागे मंडळी बसल्या, समोरून वारा आला, बॅटरी जुनी झाली, की हिशेब ढळतो. जायचंच असेल तर तिथल्या पाहुण्याकडे जेवा आणि जेवणाआधी गाडी चार्जिंगला लावा. मी तर एसटीनं जातो, अर्धं तिकीट लागतं. गाडी गावासाठी, शेतापर्यंतच्या डांबरी रस्त्यासाठी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत ती नेऊ नका. चिखलात रुतली तर सव्वाशे किलो ओढायला चार माणसं लागतात.

आपल्या मे महिन्याबद्दल तुम्हाला मी काय सांगू. पण उन्हातून आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नका. सावलीत तासभर निवू द्या. चार्जिंगसाठी अर्थिंग असलेला 15 अँपियरचा वेगळा पॉइंट वायरमनकडून काढून घ्या. पंख्याच्या बोर्डावरून लांब वायर ओढून काम भागतं असं वाटतं, पण बोर्ड तापतो. आणि घराला एकच दार असेल तर त्या दारात गाडी लावू नका. आग क्वचितच लागते, पण लागलीच तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

रस्त्यावर तुमचा आवाज कुणाला येत नाही. बैल, कुत्रं, मोबाईलवर बोलणारा माणूस, कुणीच बाजूला होत नाही. लाज न बाळगता हॉर्न वाजवा. मान वळत नसेल तर दोन्ही आरसे रोज नीट करा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला साधा मारही आत रक्तस्राव करू शकतो. तेव्हा आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, जवळच्या मोतीबागेपर्यंत जायचं असलं तरी. लायसनही काढून पाहा. या वयात ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. दाखला ओळखीनं आणू नका, डोळे खरंच तपासा.

ज्यांना एवढं ओझं नको, त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल आहे. ताशी 25 च्या आतली आणि 250 वॅटच्या आतली असेल तर लायसन, पासिंग काही लागत नाही. पंचवीस म्हणजे फारच हळू, असं कुणी म्हणालं तर त्याला शकुंतला आगगाडीची आठवण द्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरला ती सहा-सात तास घ्यायची, आणि आपण तिच्यात बसून लग्नांना वेळेवर पोचलो.

आणखी एक. गाडीची नोंदणी स्वतःच्या मोबाईल नंबरावर करा. माझी मुलाच्या नंबरावर झाली. त्यामुळे दारव्ह्यात उभ्या असलेल्या गाडीचा ओटीपी पुण्यात येतो आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो.

कुणाला तळवे टेकतात का पाहायचं असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत माझ्याकडे या. बसून पाहा, स्टँडवर चढवून पाहा. किल्ली तेवढी माझ्या खिशात राहील.