विश्वासाला साक्षीदार हवा

‘विश्वास तर पानिपतातच गेला!’ असे आपण मराठी माणसे थट्टेने म्हणतो. १७६१ साली रणांगणी पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरील ही कोटी. परंतु बाजारात फसलेल्या माणसाच्या तोंडी ती येते, तेव्हा तिच्यात थट्टा थोडी आणि कडवटपणाच फार असतो. अलीकडे हा उद्गार अधिक ऐकू येऊ लागला आहे, याचे एक कारण इंटरनेटवरील खरेदीविक्री आणि विशेषतः तेथील लिलाव. तेथे घेणाऱ्याने वस्तू हाताळलेली नसते आणि देणाऱ्याने गिऱ्हाइकाचे तोंड पाहिलेले नसते. पैसे आधी पाठवावेत, तर वस्तू येईल कशावरून? वस्तू आधी पाठवावी, तर पैसे मिळतील कशावरून? भीती दोघांनाही सारखीच, फक्त ती एकमेकांची!

‘काळच वाईट आला’ असे म्हणून हा प्रश्न सोडून देणे सोपे आहे. परंतु थोडा विचार केला, तर असे दिसते की, अनोळखी माणसांतील विश्वास कोणत्याच काळी आपोआप उत्पन्न झालेला नाही. त्याला साक्षीदार लागतो. आणि बाजार बदलला की ही साक्षीची सोय नव्याने लावावी लागते.

आपल्या उज्जयिनीचा राम घाटच पाहा. २०१६ साली २२ एप्रिलपासून २१ मेपर्यंत येथे सिंहस्थ भरला, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू क्षिप्रास्नानास लोटले होते. रुद्राक्षाची माळ विकणारा आणि ती विकत घेणारा यांची ना पूर्वीची ओळख, ना पुन्हा भेटीची खात्री. तरीही व्यवहार होतात, ते कशाच्या आधारावर? माळ हातात घेऊन निरखता येते. सौदा चार माणसांच्या कानांवर पडतो. आणि तक्रार असली, तर दुकानदार दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडतो. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेही तसेच. दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबाला आपल्या आजोबा-पणजोबांची नावे आणि त्यांच्या हातच्या सह्या त्या वह्यांत दाखविल्या जातात. समोरचा गृहस्थ अनोळखी असला, तरी आपले पूर्वज याच घराण्याकडे उतरले होते, याची साक्ष ती वही देते. तिथे माणसाची ओळख नाही, पण नोंदीची ओळख आहे.

लिलावाचे मूळ तत्त्वही हेच आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात घर किंवा जमीन विकण्याची रीत सांगितली आहे. शेजारच्या चाळीस कुळांतील माणसांसमोर, त्या घराच्या दारातच विक्रीची घोषणा करावी, किंमत तीनदा पुकारावी आणि कोणी हरकत घेतली नाही, तरच खरेदी पक्की समजावी! आजही लिलावात ‘एकवार, दोनवार, तीनवार’ असा पुकारा होतो. तो निव्वळ रिवाज नव्हे; व्यवहार सर्वांच्या देखत झाला, याची ती ग्वाही आहे. याच्या उलट, धान्याच्या बाजारांत एके काळी दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत असत, आणि ज्याने घाम गाळून धान्य पिकविले, त्या शेतकऱ्यालाच तो भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी ही रीत मोडून उघडा लिलाव आणला, तो याच कारणासाठी.

इंटरनेटवरील लिलावांतही हाच शोध सुरू आहे. अमेरिकेत १९९५ साली ‘ईबे’ हा लिलाव-बाजार सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे खरेदीदार व विक्रेते यांनी एकमेकांविषयी अभिप्राय नोंदविण्याची सोय झाली. ही जणू साऱ्या जगासाठी उघडी ठेवलेली वहीच! आपल्याकडे मुंबईत २००० साली निघालेली ‘बाझी’ ही संस्था २००४ साली ईबेने विकत घेतली. तेथे ‘पैसापे’ नावाची व्यवस्था होती. तिच्यात गिऱ्हाइकाचे पैसे काही काळ मध्यस्थाकडे राहत असत, म्हणजे ते थेट अनोळखी हातात पडत नसत. ईबेचा भारतातील बाजार २०१८ साली बंद झाला. परंतु मध्यस्थाने पैसे सांभाळण्याची कल्पना टिकून आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी २१ बाजारांनिशी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या शेतमालाच्या राष्ट्रीय बाजारातही बोलीपूर्वी मालाची प्रत तपासण्याची योजना आहे. डोळ्यांनी न पाहिलेल्या धान्याची साक्ष तेथे तपासणीचा दाखला देतो.

मात्र साक्षीदार फितूर झाला, तर? अडचण आहे ती येथेच. विक्रेत्याचीच माणसे खोट्या नावांनी बोली चढवितात. स्वतःच्या मालाची स्तुती स्वतःच गिऱ्हाईक बनून लिहितात. खरेदीदारही सारे साधुसंत नसतात. चांगली वस्तू ठेवून घेऊन मोडकी परत करणारे आणि पैसे भरल्याची बनावट पावती दाखविणारेही आहेत. वाईट अभिप्राय लिहिला, तर समोरचाही सूड म्हणून वाईटच लिहील, या धाकाने ईबेवरील पुष्कळजण गप्प राहू लागले. तेव्हा २००८ साली विक्रेत्यांना खरेदीदारांविरुद्ध प्रतिकूल अभिप्राय देण्याची मनाई करावी लागली. भ्यालेल्या साक्षीदाराचा उपयोग तो काय?

जुन्या नाण्यांचेच उदाहरण घ्या. चार वर्तुळे एका फुलीने जोडलेले चिन्ह प्राचीन नाण्यांवर आढळते; विद्वान त्याला ‘उज्जयिनी चिन्ह’ म्हणतात. अशा नाण्यांविषयीच्या कुतूहलाचा लाभ भामटे उठवितात. ‘तुमच्या घरातील जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, आधी एवढे शुल्क भरा,’ असा निरोप येतो आणि शुल्क भरले की निरोप्या नाहीसा होतो! या लोकांनी रिझर्व्ह बँकेचेही नाव वापरले. तेव्हा ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेला जाहीर करावे लागले की, आपण असे व्यवहार करीत नाही आणि त्यांसाठी कसलेही शुल्क मागत नाही.

‘मग असले व्यवहार करूच नयेत,’ असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे, परंतु हा उपाय मला पटत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, खऱ्याखोट्याची पारख करता येईनाशी झाली की गिऱ्हाईक सर्वच मालाला कमी किंमत देऊ लागते. मग चांगला माल असलेला विक्रेता बाजार सोडतो आणि वाईटच माल उरतो. म्हणजे फसवणूक एकाची झाली, तरी नुकसान सर्व प्रामाणिकांचे होते. पाठ फिरविल्याने भामट्याचे काही बिघडत नाही; बिघडते ते घरबसल्या चार पैसे मिळवू पाहणाऱ्या सचोटीच्या कारागिराचे.

कायद्याने आपल्या परीने काम केले आहे. २०२० सालच्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे सोंग आणून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देणे बंधनकारक आहे. परंतु ज्या व्यवहाराला साक्षीदारच नाही, तेथे काय? याचे उत्तर आपल्याच नगरीत घडणाऱ्या एका नाटकात आहे. ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना आपले अलंकार चारुदत्ताच्या घरी ठेव म्हणून ठेवते आणि रात्री घर फोडून ते चोरीस जातात. ठेवीला साक्षीदार कोण आहे, आपण सरळ नाकारू, असे त्याचा मित्र सुचवितो. दरिद्री चारुदत्त ते मानीत नाही. त्याची पत्नी आपली रत्नमाला काढून देते आणि ठेवीची भरपाई होते. जेथे बाहेरचा साक्षीदार संपतो, तेथे माणसाचे मन साक्षीला उभे राहते. पडद्याआड नाव लपवून व्यवहार करण्याची सोय ज्या पिढीला मिळाली आहे, तिला तर या साक्षीची गरज सर्वाधिक आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पारखी व्हा आणि साक्षीदारही व्हा. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे देण्यापूर्वी त्याच्या मागील व्यवहारांची नोंद पाहा. मोबाइलवर पैसे मिळविण्यासाठी गुप्त अंक द्यावा लागत नाही. तो कोणी मागितला, तर तेथेच थांबा. घरच्या वडील मंडळींनाही हे समजावून सांगा. फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. आणि वस्तू चांगली मिळाली असो वा वाईट, अभिप्राय खराच लिहा. तुमच्या त्या दोन ओळींवर उद्या कोणी अनोळखी गृहस्थ आपल्या कष्टाचा पैसा सोपविणार आहे.