पायातली वहाण

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास महाडच्या एस.टी. स्टँडसमोर मी सायकलवरून पडलो. चालत्या सायकलवरून पडलो असतो तर त्यात काही पराक्रम तरी होता. मी पडलो तो उभ्या सायकलवरून! पुढची रिक्षा थांबली, मी ब्रेक दाबला, सायकल आज्ञाधारकपणे उभी राहिली, आणि जमिनीला टेकवावा म्हणून पाय काढू लागलो तो पाय निघेना. दोन्ही पाय पायडलांना जखडलेले. पिठाचे पोते कलंडावे तसा मी सावकाश डाव्या अंगावर कलंडलो. "सर, लागलं का हो?" म्हणत आमच्याच वर्गातले दोघे धावले. एरवी हे दोघे हजेरीच्या वेळीसुद्धा सापडत नाहीत!

दोष सर्वस्वी माझा. पुण्याच्या भाच्याने आपली वापरलेली पायडले आणि जोडे मला दिले होते. "मामा, एकदा पाय अडकवून चालवून बघा, साधं पायडल परत नको वाटेल," असे त्याचे म्हणणे. पाय अडकवायला मी पाच मिनिटांत शिकलो. सोडवायला शिकायचे राहून गेले.

या पायडलांना 'क्लिपलेस' म्हणतात. पाय पक्का धरून ठेवणाऱ्या वस्तूचे नाव 'बिनक्लिपचे'! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. भाषेचा मास्तर असे काही दिसले की गप्प बसत नाही. शोधल्यावर कळले ते असे: पूर्वी शर्यतीच्या सायकलीच्या पायडलावर एक पिंजरा असे, त्यात बुटाचे टोक घालून वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. तो पिंजरा म्हणजे 'टो-क्लिप'. 1984 साली लूक या फ्रेंच कंपनीने पिंजरा काढून टाकला आणि त्या जागी स्प्रिंगचा चाप बसवला. ही मंडळी मूळची बर्फावरून घसरण्याच्या फळ्यांना बूट अडकवणारे चाप बनवणारी. माणूस पडला की पाय मोडण्याआधी बूट सुटला पाहिजे, ही त्यांची जुनी विद्या. 1985 साली बर्नार इनोने असल्या पायडलांवर फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत जिंकली. पिंजरा हळूहळू गेला, नाव तेवढे उरले. म्हणजे या वस्तूची सगळी अक्कल पकडण्यात नसून सुटण्यात आहे!

तिची रचना साधी आहे. जोड्याच्या तळाला 'क्लीट' नावाचा तुकडा स्क्रूने बसवायचा. तो चापात 'खट्' करून अडकतो. सोडवताना पाय वर ओढायचा नाही, टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. घाबरलेला माणूस नेमका वर ओढतो. मीही तेच केले. वर ओढूनही जोर मिळतो, असे भाचा सांगतो. पण ज्यांनी हे मोजून पाहिले आहे ते म्हणतात की बहुतेक जोर खाली दाबण्यातूनच येतो. मग फायदा काय? खडबडीत चढावर, भर पावसात पाय निसटत नाही आणि पंजा रोज त्याच जागी राहतो. माझ्यासारख्याला एवढे पुष्कळ झाले.

पडल्यानंतरच्या रविवारी मी पोलादपूरला गेलो, आणि आंबेनळी घाट चढू लागलो. हा घाट पोलादपुराहून महाबळेश्वरला, म्हणजे समुद्रसपाटीजवळून सुमारे साडेचार हजार फुटांवर नेतो. कापडे मागे पडले आणि मागचे चाक बसले. जादा ट्यूब होती, तिचा व्हॉल्व्ह मीच हवा भरताना उपटला. सायकल हातात धरून उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. भाच्याचे जोडे पडले रस्त्याच्या शर्यतीचे. त्यांची क्लीट तीन स्क्रूंची, मोठी, त्रिकोणी, प्लॅस्टिकची आणि तळाच्या बाहेर आलेली. ओल्या, शेवाळलेल्या डांबरावर त्या क्लीटवर चालणे म्हणजे तेल लावलेल्या पाटावर नाच करणे. शेवटी जोडे हँडलला टांगून मी मोज्यांवर पोलादपुरात प्रवेश केला.

घरी हे सांगितले तेव्हा आमची ही हसली नाही. म्हणाली, "2018 च्या जुलैत त्याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली. तीस माणसं गेली. विसरलात? आणि तुम्ही तिथं पाय बांधून जाणार?" याला उत्तर नव्हते. दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले.

तेव्हा मी पुण्याला जाऊन नवी खरेदी केली, आणि भाच्याचा सल्ला न मानता केली. दुसरी जात डोंगरी सायकलींची. शिमानो या जपानी कंपनीने ती 1990 साली आणली. क्लीट लहानशी, धातूची, दोन स्क्रूंची. रबरी तळाच्या खाचेत बुडालेली, म्हणून माणूस माणसासारखा चालतो. पायडल दोन्ही बाजूंनी पकडते. शर्यतीचे बहुधा एकाच बाजूने. शिवाय ते उघडे असल्याने चिखल बराचसा गळून जातो. वजन थोडे जास्त, तळ थोडा मऊ. असू दे. ज्याला गुळगुळीत रस्त्यावर चार-चार तास बसायचे आहे आणि मध्ये उतरायचे नाही, त्याने तीन स्क्रूंची खुशाल घ्यावीत. आमच्या बाजूला पाऊस चार महिने, आणि उतरून चालण्याचे प्रसंग बारमाही. डोंगरातल्या पायवाटांवर सायकल घालणाऱ्या एखाद्याला दातेरी सपाट पायडलच बरे वाटेल. त्यात कमीपणा काही नाही.

जोडे संध्याकाळी घालून पाहावेत. दिवसभरात पाय थोडा सुजतो. कोकणात अनवाणी वाढलेला पाय पंज्यात पसरट असतो आणि हे जोडे निमुळते; मी रुंद साचा मागून घेतला. क्लीट बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याखाली, किंवा किंचित मागे असावी. गुडघा कुरकुरू लागला तर आधी तिच्याकडे पाहावे, मग डॉक्टरकडे. चापाचा स्क्रू सगळ्यात सैल ठेवावा. आणि डावे पायडल उलट्या आट्याचे असते, हे लक्षात ठेवावे. मी ते विसरून पाना तासभर भलत्या बाजूला फिरवला आणि बोटे सोलून घेतली.

हिने एक अट घातली. ओटीच्या खांबाला धरून, सायकल उभी ठेवून, शंभर वेळा पाय अडकवायचा आणि शंभर वेळा सोडवायचा, मगच घाट. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस होता. ती चकलीची भाजणी भाजता भाजता आतून मोजत होती. मी सत्तरावर कंटाळून "झाले शंभर!" म्हटले. "एकाहत्तर," आतून उत्तर आले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. प्रतापगडच्या फाट्यापर्यंत चढलो, चहा घेतला, परत फिरलो. उतरताना वळणे येण्याआधीच डोंगराकडचा पाय मोकळा करीत होतो. एका वळणावर पाच-सहा गाई रस्ताभर बसलेल्या. मी ब्रेक दाबला, आणि काही आठवायच्या आत टाच बाहेर वळली होती, पाय जमिनीवर होता. गाई उठायला तयार नव्हत्या. मी तसाच उभा राहिलो, एक पाय अडकलेला आणि एक मोकळा, आणि त्यांची वाट पाहू लागलो.