एका गाण्याने राजवट पडली नाही

‘एका गाण्याने पोर्तुगालची हुकूमशाही उलथवली’ हे वाक्य दरवर्षी २५ एप्रिलला समाजमाध्यमांवर फिरते. ते मोहक आहे, पण इतिहास म्हणून कच्चे आहे. ज्यांना इतिहासाची गोडी आहे त्यांनी तरी ते तसेच पुढे पाठवू नये, असे माझे मत आहे. धागा जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

२४ एप्रिल १९७४, रात्रीचे १०.५५. लिस्बनमधील एका रेडिओ केंद्रावर पाउलो द कार्व्हाल्यो यांचे प्रेमगीत लागले. अठराच दिवसांपूर्वी ते युरोव्हिजन स्पर्धेत तळाला राहिले होते. (त्या वर्षी ‘अ‍ॅबा’ जिंकले. बिचाऱ्या गाण्याला कोण विचारणार!) बंडाच्या तयारीतील लष्करी अधिकाऱ्यांसाठी मात्र त्याचा अर्थ स्पष्ट होता: सज्ज राहा.

या केंद्राचे प्रक्षेपण लिस्बनच्या परिसरापुरतेच होते. दूरच्या छावण्यांना खूण पोहोचवायची, तर देशभर ऐकू जाणारे केंद्र हवे. म्हणून मध्यरात्री १२.२० वाजता, चर्चच्या मालकीच्या ‘रादियो रेनाशसेंसा’वर दुसरी खूण वाजली: जोझे अफोन्सो यांचे ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’. आता माघार नव्हती.

हेच गाणे का? आधी अफोन्सो यांच्याच दुसऱ्या एका गाण्याचा विचार झाला होता, पण त्या केंद्रावर ते वर्ज्य होते. ‘ग्रांदोला’ला बंदी नव्हती. म्हणजे ते सर्वांत जहाल होते म्हणून नव्हे, तर कोणाच्याही भुवया न उंचावता वाजवता येईल म्हणून निवडले गेले. राजवट पोखरली होती ती आफ्रिकेत १९६१पासून चाललेल्या वसाहतींच्या युद्धाने. त्याला विटलेले तरुण कॅप्टनच रणगाडे घेऊन रस्त्यावर उतरले.

मग गाण्याचे मोल काय? ते शोधायचे तर रेडिओकडून सभागृहाकडे वळावे लागते. १९७१मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणात वाळू-खड्यांवरून चालणाऱ्या पावलांचा ठेका आहे आणि मोजक्या मित्रांचा कोरस. दक्षिणेकडील अलेंतेजो प्रांतातील शेतमजुरांच्या गायनाची ही धाटणी: एकाने ओळ उचलायची, समूहाने ती झेलायची. आपल्या दिंडीत अभंग जसा पुढे सरकतो, काहीसे तसेच.

२९ मार्च १९७४ला, बंडाच्या जेमतेम महिनाभर आधी, लिस्बनच्या कोलिझेउ सभागृहात अफोन्सो यांच्या काही गाण्यांना सेन्सॉरने मनाई केली, ‘ग्रांदोला’ तेवढे सुटले. कार्यक्रमाच्या अखेरीस सारे सभागृह ते गाऊ लागले. त्या रात्री त्याला जो अर्थ चिकटला, तो स्टुडिओत घडलेला नव्हता.

म्हणूनच माझा आग्रह असा की १९७१ची तबकडी ऐकून थांबू नका. त्याच कोलिझेउमधील २९ जानेवारी १९८३च्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐका. असाध्य मज्जाविकाराने अफोन्सो खचत चालले होते (१९८७मध्ये ते गेले). आवाज पूर्वीचा नाही. पण समूहाने ओळ झेलण्याची ती जुनी रीत तिथे खरी होते. स्टुडिओतील सुबक प्रतीपेक्षा मला हा दस्तऐवज अधिक बोलका वाटतो.

आपल्यासाठी या रात्रीचा आणखी एक धागा आहे. गोवा भारतात सामील झाल्याचे लिस्बनच्या जुन्या राजवटीने कधीच मान्य केले नव्हते. ती मान्यता नव्या सरकारने ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने दिली.

आणि पोर्तुगीजमधून त्या राजवटीविरुद्ध बोलणारा रेडिओ आपल्या सह्याद्रीतही होता. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी नोव्हेंबर १९५५पासून सीमेवरच्या जंगलातून ते गुप्त केंद्र चालवले, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. गोवा त्या केंद्राने जिंकला नाही, लष्कराने जिंकला. पण १९ डिसेंबर १९६१ला विमानातून गोव्यावर फिरत मुक्तीची वार्ता दोन्ही भाषांत सांगितली ती याच दोघांनी.