आधी ओळख, मग चाप

एअर शोमध्ये ए-१० विमान डोक्यावरून गेले की आपण सगळे टाळ्या वाजवतो. त्याच्या नाकातल्या तोफेला सात नळ्या असतात आणि ती मिनिटाला ३,९०० गोळ्या झाडू शकते. आम्ही वर्गात गणित केले. विमानात १,१७४ गोळ्या मावतात, म्हणजे जेमतेम १८ सेकंदांचा मारा! म्हणून वैमानिक एका वेळी एक-दोन सेकंदच चाप दाबतात.

विमानावर तोफ हवी, असे आम्हांला वाटते. बॉम्बचे तुकडे लांबवर उडतात. शत्रू आपल्या सैनिकांच्या अगदी जवळ असेल, तर तोफच जास्त उपयोगी पडते. पण खाली कोण आहे, हे आधी कळायला हवे ना?

२८ मार्च २००३ रोजी इराकमध्ये बसऱ्याजवळ अमेरिकेच्या ए-१० ने ब्रिटिश गाड्यांवरच मारा केला. गाड्यांवर ओळखीसाठी नारिंगी फलक होते. वैमानिकांना ती रॉकेटे वाटली. त्या भागात आपले कोणी नाही, असे त्यांना रेडिओवरूनही सांगितले गेले होते. एक ब्रिटिश सैनिक ठार झाला. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या चौकशीत तो मृत्यू बेकायदेशीर ठरला.

नेम बरोबर होता, ओळख चुकली. म्हणून आमचे मत असे, की तोफेइतकाच खर्च आणि सराव ओळख पटवण्यावर व्हावा, आणि शंका असेल तर चाप दाबूच नये.

आईबाबा, तुम्हांला काय वाटते? पुढच्या वर्गाला या आणि मराठीतच सांगा!