शेक म्हणजे साउना नव्हे!

गेल्या महिन्याभरात नात्यातल्या तिघांनी मला एकाच तऱ्हेच्या पेटीचे फोटो पाठवले. लाकडी फळ्या, काचेचं दार, आत निळे-जांभळे दिवे. खाली प्रश्न ठरलेला: "तू फिनलंडला राहतेस ना? मग घरात हा सॉना बसवू का?" तिघांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकते.

बसवा, पैसे तुमचे आहेत. पण त्याला साउना म्हणू नका. (हो, 'सॉना' नाही, 'साउना'. फिनिश भाषेतून जगभर गेलेला शब्द, तो तरी नीट म्हणूया.)

ती पेटी इन्फ्रारेड असते. भिंतीतल्या पट्ट्या तापतात आणि समोर बसलेल्याचं अंग शेकतात. आतली हवा साधारण 50-60 अंशांवर. दगड नाहीत, पाणी नाही, वाफ नाही. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, शेक. आपल्या आज्या कंबर धरली की शेक घ्यायच्या आणि सर्दी झाली की वाफारा. दोन्हींत त्यांची कधी गल्लत झाली नाही. विकणाऱ्यांची मात्र बरोब्बर होते, कारण 'शेकपेटी' म्हटलं तर एवढे पैसे कोण मोजणार?

साउनाचा जीव वाफेत असतो. तापलेल्या दगडांवर ओगराळंभर पाणी टाकलं की जी वाफ अंगावर येते, तिला इथे 'लोय्लू' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ प्राण, आत्मा. फिनिशच्या दूरच्या नात्यातल्या हंगेरियन भाषेत त्याचा भाऊबंद 'लेलेक' आजही आत्मा याच अर्थाने वापरतात. लोय्लू नसलेला साउना म्हणजे अक्षरशः निष्प्राण खोली.

आता कोणी म्हणेल, "ही बाई चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करणाऱ्यांपैकी दिसते." अजिबात नाही! इथल्या शहरी घरांतले बहुतेक साउना विजेवरच चालतात. लहान घरात 6 किलोवॅटची शेगडी पुरते. अट एवढीच, की तिच्यावर भरपूर दगड हवेत आणि त्यांवर पाणी टाकायची मुभा हवी. 'दगडांवर पाणी टाकू नये' अशी पाटी लावलेला साउना म्हणजे 'पोहू नये' अशी पाटी लावलेला तलाव.

आणि नुसती शेगडी आणून भागत नाही. गरम हवा आणि वाफ छताशी जमते. म्हणून बसायचं बाक उंच हवं, इतकं की पावलंसुद्धा दगडांच्या वर राहतील. बाक खाली ठेवलं तर डोकं भाजतं आणि पाय गारठतात. भिंतीच्या फळ्यांमागे ॲल्युमिनियमचा पत्रा-कागद हवा, नाहीतर वाफ भिंतीत मुरून ती कुजते. ताजी हवा आत यायला आणि जुनी बाहेर जायला वाट हवी. गुदमरणं हा काही साउनाचा गुण नव्हे.

दुसरा राग आकड्यांवर. "आमचा शंभरपर्यंत जातो हं!" हे मी इकडे-तिकडे सगळीकडे ऐकते. फिनलंडमधल्या हेइनोला गावी 1999 पासून साउनात कोण जास्त वेळ टिकतो याची जागतिक स्पर्धा भरायची. 2010 च्या अंतिम फेरीत, 110 अंशांत, एक स्पर्धक मरण पावला आणि स्पर्धा कायमची बंद झाली. साउनात जिंकायचं काही नसतं. नको वाटलं की उठून बाहेर यायचं, कोणी हसत नाही.

तिसरा राग 'पंधरा मिनिटांत तयार' या जाहिरातीवर. अहो, तापण्याची वाट पाहणं हा साउनाचा अर्धा भाग आहे. लाकडाच्या साउनाला तास-दीड तास सहज लागतो. जुन्या धुराच्या साउनाला तर धुराडंच नसतं. कित्येक तास आग, मग ती विझवून धूर बाहेर, आणि मग संध्याकाळभर दगडांत साठलेली ऊब. तेवढ्या वेळात कोणी लाकडं आणतं, कोणी पाणी भरतं, आधी कोण जाणार यावरून वाद होतात. पहाटे पेटवलेला बंब आणि आंघोळीच्या नंबरावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

सुमारे 55 लाखांच्या या देशात 30 लाखांवर साउना आहेत. युनेस्कोने 2020 मध्ये यादीत घेतली ती साउनाची संस्कृती, लाकडी खोली नव्हे. त्या अंधारात साहेब आणि शिपाई एकाच बाकावर घाम गाळत बसतात. गप्प बसले तरी चालतं. एका माणसाच्या पेटीत निळ्या दिव्याखाली मोबाईल बघत बसण्यात यातलं काय उरतं?

असो. कंबर दुखत असेल तर शेकपेटी जरूर घ्या, आवडेलही. साउना हवा असेल तर निदान तिघं मावतील एवढं बाक, पाणी झेलणारे दगड आणि तासभर सवड, एवढं आधी जमवा. यातलं काहीच जमणार नसेल तर पेटीचे पैसे विमानाच्या तिकिटाला लावा. आमचा दर शनिवारी तापलेला असतो. लाकडं मात्र तुम्ही आणायची!