दुर्गम, पण कोणास?

'दुर्गम' हा शब्द अलीकडे आपल्या लेखनात फार स्वस्त झाला आहे. खोल दरीतले गाव दुर्गम, अरण्यातला पाडा दुर्गम, आणि जेथे बदली नको असते ते ठिकाणही दुर्गमच! शब्द रूढ झाला की त्याचा अर्थ तपासण्याची गरज वाटेनाशी होते. या शब्दाच्या बाबतीत मात्र ती तपासणी आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

दुर् आणि गम्, म्हणजे जेथे जाणे कठीण ते दुर्गम. 'खोल' वा 'उंच' हे स्थळाचे गुण आहेत. 'दुर्गम' हा तसा गुण नव्हे. ते स्थळ आणि तेथे जाऊ पाहणारा यांच्यातील नाते आहे. जो तेथेच जन्मला, त्यास त्याचे गाव दुर्गम नसते. त्यास दुर्गम असते ती तालुक्याची कचेरी आणि जिल्ह्याचे रुग्णालय. आपण शब्द वापरतो तो नेहमी कचेरीकडून गावाकडे पाहत. शिवाय गम् म्हणजे जाणणेही. 'अगम्य' या शब्दात तो अर्थ आपण जपला आहे, 'दुर्गम' म्हणताना मात्र विसरलो आहोत.

जामखेडचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातील या तालुक्याविषयी लिहिताना हे विशेषण अनेकदा वापरले जाते. प्रत्यक्षात काय दिसते? जामखेडहून बीडच्या वाटेवर, जिल्ह्याची हद्द ओलांडताच, सौताड्याची दरी लागते. स्थळ खरोखरच खोल. पण तळाशी रामेश्वराचे मंदिर, उतरायला पायऱ्या, आणि श्रावणात माणसांची रीघ. त्या दरीस कोणी दुर्गम म्हणत नाही. उलट याच तालुक्यातील खर्डा पाहा. १७९५ साली मराठे आणि निजाम यांच्या लढाईने प्रसिद्धीस आलेल्या या गावचा किल्ला भुईकोट आहे. ना डोंगर, ना कडा. सपाट जमिनीवर तट आणि बुरूज उभारून ते स्थळ 'दुर्ग' केले गेले. म्हणजे दुर्गमता निसर्ग देतो तशी माणूसही रचतो. मनुस्मृतीत दुर्गाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'नृदुर्ग', म्हणजे माणसांचाच दुर्ग, हाही एक आहे.

हा नृदुर्ग आपल्या गावांत राजाविनाही उभा होता. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा अडचण केवळ रस्त्यांची नव्हती. प्रशिक्षित परिचारिका गावात पोहोचली, तरी घराघरांत पोहोचत नव्हती. म्हणून गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. त्यांनी बाळंतपणे केली, मुलांची वजने घेतली, कुष्ठरुग्ण शोधले. पाण्यासाठी कूपनलिका खणताना त्या दलित वस्तीत येतील असे पाहिले गेले. मग पाण्यासाठी साऱ्या गावास तेथे जावे लागले. वेशीपासून त्या वस्तीपर्यंतचे अंतर काही पावलांचे, पण शतकानुशतके ते कोणी चालले नव्हते. या दोघांस १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक हे काम शिकण्यास जामखेडला येऊ लागले. परदेशातून जेथे माणसे शिकायला येतात, त्या गावास दुर्गम कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, मेळघाटात, गडचिरोलीत पावसाळ्यात वाट खरोखरच बंद होते. तेथे तरी हा शब्द चालेल ना? चालेल. अंतर, नाले, चढ हे सारे खरे आहे. शासनास बदल्या आणि भत्ते ठरवताना असा एखादा शब्द लागणारच. आमचा आक्षेप शब्दावर नाही, त्यात दडलेल्या सबबीवर आहे. 'दुर्गम भाग असल्याने उपचार मिळू शकले नाहीत' हे वाक्य वाचताना दोष डोंगराचा वाटतो. 'पूल बांधला नव्हता', 'डॉक्टरची जागा भरली नव्हती' असे लिहिले, तर तो कोणाचा हे विचारता येते.

म्हणून लिहिणाऱ्यांस एवढीच विनंती: 'दुर्गम' लिहिण्यापूर्वी कोणास आणि कशामुळे, हे दोन शब्द जोडून पाहावेत. उत्तर डोंगर असेल, तर शब्द खुशाल ठेवावा. उत्तर माणूस असेल, तर त्याचे नाव लिहावे.