आधी पळू तर द्या

मे २००६. चार वर्षांचा बुधिया सिंग पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने ६५ किलोमीटर धावला, थकून कोसळेपर्यंत. टाळ्या पडल्या; पुढे ओडिशा सरकारने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी आणली.

याउलट, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी कित्येक किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जायचा. शर्यतींकडे तो वळला लष्करात गेल्यावर. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकलं.

म्हणून आठ वर्षांची लेक ‘मला पळायचंय’ म्हणाली, तर घरच्यांनी स्टॉपवॉचआधी मापाचे बूट आणावेत. वाढत्या हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग अजून कूर्चेचा असतो; रोज डांबरी रस्त्यावर पळवण्यापेक्षा मातीचं मैदान बरं. टाच दुखली की सुट्टी. एरवी खो-खो, पकडापकडी चालू द्यावी. तोही सरावच, आणि फी नाही!